वाचकांचे प्रश्न : निःशुल्क वाहिन्यांसाठी रेकॉर्डर निवडताना

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम साठवून ठेवणाऱ्या रेकॉर्डरविषयी इतके प्रश्न साचले आहेत, की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पुढील उत्तरे केवळ निःशुल्क वाहिन्यांपुरती आहेत, म्हणजे अँटेनावर किंवा डिशवर वर्गणी न भरता दिसणाऱ्या वाहिन्यांपुरती. वर्गणीच्या सेवेत बहुधा त्या कंपनीचाच बॉक्स घ्यावा लागतो, त्यामुळे तेथे निवडीला फारसा वाव उरत नाही.

प्रश्न : वर्गणी भरायची नाही, निःशुल्क वाहिन्या आम्हांला पुरेशा आहेत, असे घरात ठरले आहे. आता रेकॉर्डर ५०० जीबीचा घ्यावा की १ टीबीचा, यावरून दोन तट पडले आहेत. मोठ्या डिस्कवर चित्र अधिक स्वच्छ उमटते, असे विक्रेत्याने सांगितले. हे खरे आहे काय?

उत्तर : खरे नाही, आणि ते का खरे नाही हे समजून घेतले तर पुढची बरीचशी निवड आपोआप सोपी होईल. व्हिडिओ कॅसेटच्या काळात रेकॉर्डर स्वतः चित्र टेपवर उमटवत असे, आणि टेप सावकाश फिरवून एकाच कॅसेटवर दुप्पट वेळाचे रेकॉर्डिंग बसवले की चित्र फिके पडत असे. डिजिटल प्रक्षेपणात चित्राचे आकुंचन, म्हणजे त्याची माहिती कमी जागेत बसवण्याचे काम, वाहिनीकडेच होऊन जाते. वाहिनी ते चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके १८८ बाइटांच्या लहान लहान पाकिटांत भरून पाठवते, आणि रेकॉर्डर आलेल्या ओघातून आपल्याला हव्या त्या वाहिनीची पाकिटे वेचून, त्यांत काहीही न बदलता, डिस्कवर ठेवून देतो. म्हणून रेकॉर्डिंग थेट प्रक्षेपणाइतकेच चांगले असते, त्याहून तसूभरही चांगले किंवा वाईट नसते. पाऊस पडत असताना चित्राचे चौकोन होऊन ते अडखळले असेल, तर ते चौकोनही जसेच्या तसे साठवले जातात आणि नंतर कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाहीत.

तेव्हा डिस्कचा आकार म्हणजे फक्त तास. हिशेब असा, की वाहिनी सेकंदाला जितके मेगाबिट पाठवते, त्याला ०.४५ ने गुणले की एका तासाला लागणारे जीबी मिळतात. सेकंदाला ३ मेगाबिटांनी येणाऱ्या साध्या वाहिनीचा एक तास १.३५ जीबी घेतो, तर ८ मेगाबिटांच्या एचडी वाहिनीचा एक तास ३.६ जीबी घेतो. या दुसऱ्या दराने ५०० जीबीवर सुमारे १३९ तास आणि १ टीबीवर सुमारे २७८ तास मावतात. दिवसाला दोन तास पाहणाऱ्या घराला १३९ तास संपवायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल. ज्यांच्या घरी डिस्क भरते, तेथे ती बहुतेक वेळा न पाहिलेल्या आणि कधीही न पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांनीच भरलेली असते, असा माझा अनुभव आहे.

त्यामुळे दोन्ही तटांनी सध्या तलवारी म्यान कराव्यात आणि आधी एक वेगळी चौकशी करावी : तुमच्या घरी येणारे प्रक्षेपण कोणत्या पद्धतीचे आहे, आणि तुम्ही पाहत असलेला रेकॉर्डर ती पद्धत ओळखतो का? जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणाऱ्या प्रक्षेपणासाठी युरोपात आणि आशिया-आफ्रिकेच्या मोठ्या भागात डीव्हीबी-टी व तिची सुधारित आवृत्ती डीव्हीबी-टी२, अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात एटीएससी, जपान व ब्राझीलमध्ये आयएसडीबी, तर चीनमध्ये डीटीएमबी अशा निरनिराळ्या पद्धती आहेत, आणि एका पद्धतीचा बॉक्स दुसरीकडे निरुपयोगी ठरतो. डिशवर डीव्हीबी-एस किंवा डीव्हीबी-एस२ असते. याशिवाय चित्राच्या आकुंचनाची रीत वेगळी पाहावी लागते, कारण काही वाहिन्या अजून एमपीईजी-२ मध्ये आहेत, बऱ्याचशा एमपीईजी-४ मध्ये गेल्या आहेत आणि काही एचईव्हीसीकडे वळल्या आहेत. तुमच्या आवडीच्या वाहिन्यांपैकी एक जरी एचईव्हीसीमध्ये येत असेल आणि रेकॉर्डरला ती रीत ठाऊक नसेल, तर १ टीबी काय आणि १० टीबी काय, पडद्यावर त्या वाहिनीच्या जागी काळोखच दिसेल. सध्याच्या टीव्हीवर किंवा बॉक्सवर वाहिनी चालू असताना माहितीचे बटण दाबले, तर बहुधा ही माहिती एका कोपऱ्यात मिळते. ती कागदावर उतरवून घ्यावी आणि मगच खरेदीला जावे.

एवढे जुळले, की डिस्क लहान असली तरी ती बदलता येते का किंवा बाहेरून दुसरी जोडता येते का, एवढेच पाहावे. न बदलता येणाऱ्या १ टीबीपेक्षा बदलता येणारी ५०० जीबी मी केव्हाही पसंत करीन, कारण या यंत्रात सर्वांत आधी झिजतो तो भाग डिस्कच असतो.

प्रश्न : आमच्या गच्चीवर डिश आहे आणि तिच्यापासून एकच वायर खाली येते. वडील क्रिकेटचा सामना पाहत असताना मला दुसऱ्या वाहिनीवरील कार्यक्रम रेकॉर्ड करायचा असतो. दोन ट्यूनरचा, म्हणजे एका वेळी दोन वाहिन्या पकडू शकणारा, रेकॉर्डर घेतला, तरी एका वेळी काही ठरावीक वाहिन्याच लागतात, बाकीच्यांवर ‘सिग्नल नाही’ असे येते. यंत्र सदोष आहे काय?

उत्तर : यंत्र सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. अडचण वायरीत आहे, आणि डिशवाल्या घरांत ती इतकी सर्रास आढळते, की रेकॉर्डरच्या खोक्यावर ती ठळक अक्षरांत छापायला हवी.

डिशच्या तोंडाशी जो लहानसा डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी तो खालच्या वारंवारतेवर आणतो आणि वायरीतून घरात पाठवतो. ज्या ठिकाणी युनिव्हर्सल एलएनबी वापरतात, तेथे उपग्रहाचा पट्टा १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्‌झ इतका रुंद असतो, आणि शिवाय त्याच पट्ट्यात उभ्या व आडव्या अशा दोन दिशांच्या लहरी एकाच वेळी येतात. वायरीतून मात्र साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. सगळे त्यात मावत नाही, म्हणून त्याचे चार भाग पाडलेले असतात : खालचा पट्टा व वरचा पट्टा, आणि प्रत्येकात उभ्या व आडव्या लहरी. कोणता भाग खाली पाठवायचा, हे रेकॉर्डर त्याच वायरीतून वर कळवतो. १३ व्होल्ट दिले तर उभ्या लहरी, १८ व्होल्ट दिले तर आडव्या, आणि त्याबरोबर २२ किलोहर्ट्‌झचा सूर सोडला तर वरचा पट्टा. एका वायरीतून एका वेळी या चारांपैकी एकच भाग उतरतो.

आता तुमच्या घरी काय घडते ते पाहा. वडिलांचा सामना समजा वरच्या पट्ट्यातील आडव्या भागात आहे, म्हणजे वायरीवर १८ व्होल्ट आणि सूर दोन्ही आहेत. तुमचा कार्यक्रम त्याच भागात असेल, तर दुसरा ट्यूनर तो निमूटपणे रेकॉर्ड करतो. तो उभ्या भागात असेल, तर त्याला १३ व्होल्ट हवे असतात आणि ते दिले तर सामना बंद पडेल, म्हणून रेकॉर्डर नकार देतो. तुम्हांला लागणाऱ्या ‘ठरावीक वाहिन्या’ म्हणजे सामन्याच्याच भागातील वाहिन्या होत.

यावर दोन उपाय आहेत. सरळ उपाय म्हणजे दोन तोंडांचा एलएनबी बसवून दुसरी वायर खाली आणणे. दोन्ही ट्यूनरना स्वतंत्र वायर मिळाली, की कोणतीही वाहिनी कोणत्याही वाहिनीबरोबर चालते. यासाठी एलएनबी घेताना नावांची गल्लत होऊ देऊ नये. चार तोंडांचे एलएनबी दोन प्रकारचे असतात. ‘क्वाड’च्या चारही तोंडांना थेट रेकॉर्डर जोडता येतो, पण ‘क्वाट्रो’चे प्रत्येक तोंड चारांपैकी एकेक भाग कायमचा देते आणि ते केवळ मोठ्या इमारतीतील मल्टिस्विचसाठी, म्हणजे एका डिशचे प्रक्षेपण अनेक घरांना वाटणाऱ्या यंत्रासाठी, असते. क्वाट्रो थेट रेकॉर्डरला जोडून ‘निम्म्याहून अधिक वाहिन्या गायब’ अशी तक्रार करणारी पत्रे या सदराकडे आलेली आहेत.

दुसरी वायर ओढणे शक्य नसेल, भिंती फोडायच्या नसतील किंवा इमारतीची परवानगी नसेल, तर युनिकेबल पद्धतीचा एलएनबी लावता येतो. तो प्रत्येक ट्यूनरला वायरीतील एक स्वतंत्र जागा नेमून देतो आणि मागितलेली वाहिनी त्या जागेवर आणून सोडतो. मूळ पद्धतीत एका वायरीवर आठ ट्यूनर चालतात, नव्या पद्धतीत ३२ पर्यंत. मात्र रेकॉर्डरच्या मेनूत युनिकेबलची सोय असलीच पाहिजे, ती बाहेरून कशानेही भरून निघत नाही. वायरीच्या मध्ये साधा स्प्लिटर बसवून दोन वायरी केल्याने मात्र काहीही साधत नाही, कारण वर जाणारी आज्ञा तरीही एकच राहते.

ज्या वाचकांकडे डिशऐवजी अँटेना आहे, त्यांनी हे सारे विसरले तरी चालेल. अँटेनाच्या वायरीतून सर्व वाहिन्या एकदम येतात, आणि दोन ट्यूनरचा रेकॉर्डर आतल्या आतच त्या वाटून घेतो. तिथे उलट एक सवलत मिळते, की एकाच वारंवारतेवर अनेक वाहिन्यांची मोळी बांधलेली असल्याने काही रेकॉर्डर एकाच ट्यूनरवर त्या मोळीतील दोन-तीन वाहिन्या एकाच वेळी साठवू शकतात.

ट्यूनर किती असावेत, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. साठवलेला कार्यक्रम पाहण्यासाठी ट्यूनर लागत नाही, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे चार माणसांच्या घरालाही दोन ट्यूनर बहुधा पुरतात. तिसरा ट्यूनर उपयोगी पडतो तो संध्याकाळच्या एकदोन तासांत, जेव्हा सगळ्या वाहिन्यांना आपले सर्वांत चांगले कार्यक्रम एकाच वेळी दाखवायची हुक्की येते.

प्रश्न : आमच्या टीव्हीलाच यूएसबीवर रेकॉर्डिंगची सोय आहे. मग वेगळा रेकॉर्डर हवाच कशाला?

उत्तर : एखादा कार्यक्रम उद्यापरवा पाहून पुसून टाकायचा असेल, तर खरोखरच नको. जपून ठेवायचा असेल, तर मात्र एक गोष्ट आधी तपासावी, आणि ती मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो आहे. दोन वर्षे मी टीव्हीला जोडलेल्या डिस्कवर संगीताचे कार्यक्रम साठवत होतो. एके दिवशी टीव्ही बंद पडला, तंत्रज्ञाने त्याचा मुख्य बोर्ड बदलून दिला. टीव्ही तोच, डिस्क तीच, यादीत सगळ्या कार्यक्रमांची नावे आणि पुढे त्यांची लांबीसुद्धा दिसत होती, पण बटण दाबले की काळा पडदा. अशा टीव्हीत रेकॉर्डिंग कुलूपबंद करून साठवले जाते, आणि त्या कुलपाची किल्ली बोर्डावरच्या एका चिपमध्ये असते. जुना बोर्ड गेला, किल्लीही गेली. सेवा केंद्राने सांगितले, की हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे. लिहिलेले होतेच, पान उलटून पाहिले.

तेव्हा टीव्ही असो की रेकॉर्डर, घेण्यापूर्वी किंवा परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करावे, डिस्क संगणकाला जोडावी आणि ती फाइल व्हीएलसीसारख्या व्हिडिओ चालवणाऱ्या प्रणालीत उघडून पाहावी. चित्र दिसले, तर रेकॉर्डिंग तुमचे आहे. न दिसले, तर ते त्या यंत्राचे आहे आणि यंत्र जिवंत असेपर्यंतच तुमच्याकडे राहील. काही रेकॉर्डर साध्या वाहिन्यांची फाइल मोकळी ठेवतात आणि एचडी वाहिन्यांचीच कुलूपबंद करतात, म्हणून दोन्हींची परीक्षा घ्यावी.

पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग करू नये. सतत लिहिणे आणि पुसणे हे त्याचे काम नव्हे, आणि स्वस्त पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग मध्येच घसरला की चित्र तुटते. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. सेकंदाला ८ मेगाबिटांच्या वाहिनीवर ही मर्यादा सुमारे ७१ मिनिटांत गाठली जाते, आणि त्यापुढे काही यंत्रे नवी फाइल सुरू करतात, तर काही चक्क थांबतात. चित्रपट मध्यंतरानंतर गायब होण्याचे कारण बहुधा हेच असते. याखेरीज, बिनवीज-जोडणीच्या पोर्टेबल डिस्कला सगळी वीज यूएसबीतूनच घ्यावी लागते. यूएसबी २ मध्ये ५०० मिलिॲम्पिअर आणि यूएसबी ३ मध्ये ९०० मिलिॲम्पिअर एवढीच वीज ठरलेली आहे, आणि डिस्क फिरायला सुरुवात होताना ती याहून अधिक ओढू शकते. डिस्कमधून टक्‌टक्‌ असा आवाज येऊन ती यादीतून नाहीशी होत असेल, तर ती बिघडली असे मानण्यापूर्वी स्वतंत्र अडॅप्टर असलेली डिस्क लावून पाहावी. आणि हो, टीव्ही पहिल्यांदा विचारतो त्या ‘फॉरमॅट करू का?’ या प्रश्नाला होकार दिला, की त्या डिस्कवरचे घरातले फोटो परत मिळत नाहीत.

प्रश्न : सासूबाईंची मालिका रोज टायमर लावून रेकॉर्ड करते, पण शेवटची चार-पाच मिनिटे हमखास कापली जातात. आणि कधी कधी तर रेकॉर्डिंग होतच नाही. त्यामुळे घरात उगाच बोलणी बसतात.

उत्तर : शेवट कापला जातो तो वाहिनी वेळापत्रक पाळत नाही म्हणून, आणि बोलणी मात्र तुम्हांला बसतात. टायमर लावण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात रेकॉर्डरला केवळ घड्याळाची वेळ दिलेली असते, आणि त्या वेळी जे चालू असेल ते तो साठवतो. दुसऱ्यात पडद्यावरच्या कार्यक्रम पत्रिकेतून तो विशिष्ट कार्यक्रम निवडलेला असतो, आणि पत्रिकेत वेळ बदलली की टायमरही सरकतो. त्याहून पुढची पायरी अशी, की कार्यक्रम प्रत्यक्ष सुरू झाल्याची आणि संपल्याची खूण वाहिनी प्रक्षेपणातूनच पाठवते आणि रेकॉर्डर तिच्याकडे लक्ष ठेवून चालू-बंद होतो. ही सोय रेकॉर्डरमध्ये असून भागत नाही, वाहिनीनेही खूण वेळच्या वेळी पाठवावी लागते, आणि पुष्कळ वाहिन्या ती पाठवतच नाहीत. त्यामुळे खात्रीचा उपाय जुनाच आहे : रेकॉर्डिंग दोन मिनिटे आधी सुरू करावे आणि दहा मिनिटे उशिरा संपवावे. एकदाच मेनूत जाऊन ही मुभा सर्व टायमरना लावून ठेवावी. खरेदी करताना ही वेळ स्वतः ठरवता येते का, हे विचारून घ्यावे, कारण काही यंत्रांत ती नसते.

या मुभेचा एक तोटा ध्यानात ठेवावा. एकाच वाहिनीवर लागोपाठ दोन कार्यक्रम लावले, की पहिल्याची शेपटी आणि दुसऱ्याचे तोंड एकमेकांवर चढते. काही रेकॉर्डर त्यासाठी दोन ट्यूनर अडवून बसतात, वाहिनी एकच असली तरी. समजूतदार रेकॉर्डर एकाच ट्यूनरवर दोन्ही फाइली लिहितो.

रोजच्या मालिकेसाठी ‘संपूर्ण मालिका’ हा पर्याय असतो. तो कशावर चालतो हे मात्र पाहावे. काही ठिकाणी वाहिन्या प्रत्येक भागाला एक ओळखक्रमांक देतात आणि रेकॉर्डर त्यावरून नवा भाग कोणता आणि पुनःप्रक्षेपण कोणते, हे ओळखतो. ओळखक्रमांक नसेल, तर तो केवळ नाव जुळवतो आणि तोच भाग सकाळी, दुपारी आणि मध्यरात्री तीनदा साठवून ठेवतो.

रेकॉर्डिंग अजिबात न होण्याचे कारण बहुधा भिंतीवरच्या स्विचमध्ये सापडेल. रात्री झोपताना टीव्हीबरोबर रेकॉर्डरचाही स्विच बंद करण्याची सवय घरात कुणाला आहे का, ते पाहा. रिमोटने बंद केलेला रेकॉर्डर झोपेत असतो आणि ठरल्या वेळी जागा होतो. भिंतीवर बंद केलेल्या रेकॉर्डरला कुणी जागे करू शकत नाही.

प्रश्न : ओळखीतले एक जण आपला जुना रेकॉर्डर अगदी स्वस्तात देत आहेत. घ्यावा का?

उत्तर : स्वस्त का आहे, हे आधी पाहा. दूरचित्रवाणीच्या पद्धती गेल्या काही वर्षांत भराभर बदलल्या आहेत आणि प्रत्येक बदलात धडधाकट यंत्रे भंगारात गेली आहेत. फ्रान्सने एप्रिल २०१६ मध्ये जमिनीवरील प्रक्षेपणातून एमपीईजी-२ काढून टाकले. जर्मनीत मार्च २०१७ पासून डीव्हीबी-टी२ आणि एचईव्हीसी आले आणि जुने डीव्हीबी-टी रेकॉर्डर मुके झाले. बीबीसीने जानेवारी २०२४ मध्ये उपग्रहावरच्या आपल्या साध्या दर्जाच्या वाहिन्या बंद केल्या, तेव्हा केवळ एसडी चालणाऱ्या बॉक्सवर तिचे कार्यक्रम दिसेनासे झाले. पहिल्या उत्तरात सांगितलेली प्रक्षेपणाची पद्धत आणि आकुंचनाची रीत या दोन्ही गोष्टी त्या रेकॉर्डरला येत असतील, तरच पुढे विचार करावा.

येत असतील, तर तो तुमच्याच घरी, तुमच्याच वायरीवर लावून एक संध्याकाळ चालवून पाहावा. कार्यक्रम पत्रिका काही यंत्रांत प्रक्षेपणातून येते, तर काहींत इंटरनेटवरून कंपनीच्या सेवेतून, आणि कंपनीने ती सेवा बंद केली असेल, तर पत्रिका रिकामी दिसते. डिस्क जुनी आहे असे गृहीत धरून नव्या डिस्कचा खर्च किमतीत मिळवावा. आधीच्या मालकाची रेकॉर्डिंग आपल्याला फुकट मिळतील, या आशेवर मात्र व्यवहार करू नये.

प्रश्न : एक वाहिनी निःशुल्क आहे, पण तिच्यासाठी कार्ड लागते. ती रेकॉर्ड होईल का?

उत्तर : ‘फुकट’ आणि ‘मोकळी’ हे दोन निराळे शब्द आहेत. काही वाहिन्या पैसे घेत नाहीत, पण प्रक्षेपण सांकेतिक करून पाठवतात आणि ते उघडण्यासाठी कार्ड देतात. बहुधा कार्यक्रमांचे हक्क त्यांच्याकडे एका देशापुरतेच असतात म्हणून. रेकॉर्डरला त्या कार्डाची खाच असेल किंवा कार्डाचे मॉड्यूल बसवता येत असेल, तर वाहिनी दिसेल. रेकॉर्डिंगवर मात्र वाहिनी बंधने घालू शकते, विशेषतः सीआय प्लस जातीच्या मॉड्यूलमध्ये : रेकॉर्डिंग ठरावीक मुदतीनंतर पुसले जाणे, जाहिराती ओलांडता न येणे, किंवा मुळात रेकॉर्डिंगलाच मनाई. हे सारे मान्य असेल तरच त्या वाहिनीसाठी रेकॉर्डर निवडावा.

प्रश्न : रेकॉर्डरऐवजी घरातला जुना संगणक वापरता येईल, असे मुलगा म्हणतो. त्याचे ऐकावे का?

उत्तर : तो स्वतः ते सांभाळणार असेल, तर अवश्य ऐकावे. संगणकाला यूएसबीचा किंवा कार्डाच्या रूपातला ट्यूनर बसवून, किंवा घरातल्या नेटवर्कवर वाहिन्या सोडणारा एचडीहोमरनसारखा ट्यूनर आणून, टीव्हीहेडएंडसारख्या मुक्त प्रणालीने टायमर, मालिका, पत्रिका सगळे चालवता येते. अशा व्यवस्थेत फाइली मोकळ्या राहतात, डिस्क हवी तेवढी वाढवता येते आणि घरातल्या कोणत्याही खोलीतल्या टीव्हीवर किंवा फोनवर त्या पाहता येतात. माझ्या मते, जपून ठेवण्याची हौस असलेल्यांसाठी याहून चांगला मार्ग नाही.

पण ही यंत्रणा सतत सांभाळावी लागते, नुसती विकत आणून चालत नाही. एखाद्या वाहिनीने वारंवारता बदलली, प्रणालीची नवी आवृत्ती आली किंवा वीज गेल्यावर संगणक आपण होऊन सुरू झाला नाही, की कुणीतरी कीबोर्ड घेऊन बसायला हवे. मुलगा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावी जाणार असेल, तर साधा दोन ट्यूनरचा रेकॉर्डर आणावा.

प्रश्न : असे रेकॉर्डिंग कायदेशीर आहे का?

उत्तर : हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरते. या विषयातला सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतला आहे : सोनीच्या बीटामॅक्स रेकॉर्डरविरुद्ध चित्रपट कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निकाल दिला, की निःशुल्क प्रक्षेपण घरच्या घरी नंतर पाहण्यासाठी साठवणे हा कायद्याचा भंग नव्हे. अन्य अनेक देशांतही खाजगी वापराला कमीअधिक मुभा आहे. साठवलेला कार्यक्रम इंटरनेटवर चढवणे किंवा त्याच्या प्रती विकणे ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि तिला ही मुभा लागू होत नाही.

प्रश्न : या रेकॉर्डरवर जुन्या व्हिडिओ कॅसेट उतरवता येतील का?

उत्तर : नाही. वर सांगितल्याप्रमाणे हे यंत्र आलेली पाकिटे साठवते, चित्राचे आकुंचन स्वतः करत नाही, आणि त्याला बाहेरून चित्र घेण्याची जागाही बहुधा नसते. मागची एचडीएमआयची जागा चित्र बाहेर देण्यासाठी आहे. कॅसेटसाठी संगणकाला जोडायचे वेगळे साधन मिळते.

प्रश्न : रेकॉर्डर झोपण्याच्या खोलीत ठेवायचा आहे. रात्रभर चालू राहिला तर आवाज आणि वीजबिल यांचे काय?

उत्तर : आवाज दोन ठिकाणांहून येतो, डिस्कमधून आणि पंख्यातून. पंखा नसलेले यंत्र निवडावे आणि त्याच्या वर-खाली मोकळी हवा राहू द्यावी, कारण पंखा नसलेले यंत्र कपाटात कोंडले तर डिस्क तापते. रेकॉर्डर लाकडी फळीवर थेट ठेवला तर फळीच घुमू लागते. त्याच्या पायांखाली रबराचे चार तुकडे ठेवले, तर हा घुमारा पुष्कळ कमी होतो.

विजेचे गणित मेनूतल्या एका ओळीवर ठरते. बहुतेक रेकॉर्डरमध्ये ‘झटपट सुरुवात’ आणि ‘वीजबचत’ असे झोपेचे दोन प्रकार असतात. पहिल्यात यंत्र जवळजवळ जागेच असते. ते सतत १० वॅट घेत असेल, तर वर्षाला जवळपास ८८ युनिट होतात. वीजबचतीत हा आकडा अगदी नगण्य असतो, फक्त बटण दाबल्यावर चित्र यायला अर्धा-एक मिनिट लागतो. टायमरची रेकॉर्डिंग बहुधा दोन्ही प्रकारांत होतात. तरीही विकत घेण्यापूर्वी माहितीपुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले आहे का, ते वाचावे, कारण काही यंत्रे वीजबचतीत कार्यक्रम पत्रिका ताजी करत नाहीत आणि मग सकाळी यादी उघडल्यावर कालचेच कार्यक्रम दिसतात.